डॉ. भाऊ दाजींचा जमाखर्च

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयास १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. तोवर ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या राजदांपत्याच्या नावाने ओळखले जात होते. ज्या गृहस्थाने जॉर्ज बर्डवुड यांच्या जोडीने चिटणीस म्हणून या संस्थेच्या उभारणीसाठी खस्ता खाल्ल्या, त्याचे नाव तिला लाभावयास शंभर वर्षे लागली. नाव लागले, तरी माणूस उमगला असे मात्र म्हणवत नाही. विद्वान, दानशूर, समाजसुधारक अशी विशेषणे भाऊंच्या मागे लावली जातात. त्या विद्वत्तेचा आणि दानाचा खर्च कोणत्या मिळकतीतून चालत होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

गोव्यातील पेडणे महालात मांद्रे येथे १८२२ मध्ये जन्मलेल्या रामकृष्ण विठ्ठल लाड यांच्यापाशी वडिलार्जित असे काहीच नव्हते. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना मुलास इंग्रजी शिकविण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण, तेथेच काही काळ अध्यापन, काठेवाड-कच्छमधील बालिकाहत्येवरील निबंधास सहाशे रुपयांचे पारितोषिक, आणि मग १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून पदवी, अशी ही वाटचाल. पुढे वैद्यकीचा व्यवसाय भरभराटीस आला. गरिबांना मात्र भाऊ आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी विनामूल्य औषध देत. कडू कवठाच्या बियांचे तेल कुष्ठरोगावर वापरून पाहण्याचे त्यांचे प्रयोगही याच व्यवसायातले.

सात बेटे जोडून झालेल्या त्या शहरात तेव्हा सार्वजनिक जीवन नव्याने आकार घेत होते. १८५२ च्या बाँबे असोसिएशनचे चिटणीसपद, १८५७ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत समावेश, मुलींच्या शाळा चालविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सभेचे अध्यक्षपद, सांगलीहून १८५३ मध्ये मुंबईस आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकमंडळीस साहाय्य! १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. प्रतिष्ठित धर्मगुरूविरुद्ध न्यायालयात उभे राहावयास त्या काळी किती धैर्य लागत असेल, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

तथापि, भाऊंची खरी आसक्ती होती ती प्राचीन इतिहासावर. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचे सरकारी खाते उभे राहिले ते १८७३-७४ च्या सुमारास, भाऊंच्या आयुष्याच्या अखेरीस. तोवर शिलालेखांचे ठसे घ्यावयाचे, पोथ्या मिळवावयाच्या, पंडितांना वेतन द्यावयाचे, त्यांना देशभर हिंडवावयाचे, हे सारे एका डॉक्टरच्या फीमधून चालले होते. जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास भाऊंनी १८६१-६२ च्या सुमारास मुंबईस आणले. लेख टिपण्यातला त्यांचा हात असा होता की, पुढे ते स्वतःच थोर पुराविद म्हणून मान्यता पावले. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचे वाचन भाऊंनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि वाकाटकांच्या इतिहासास मोठा आधार मिळाला. त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त, हे त्यांचे मत विद्वानांनी पुढे स्वीकारले नाही. पण चूक ठरण्यासही आधी कोणीतरी पुरावे मांडून मत द्यावे लागते.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे सोने झाले. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज नव्याने निघू लागल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. भाऊही या लाटेत उतरले. एवढा चिकित्सक माणूस, ताम्रपटातील एका अक्षरावरून राजाचा काळ ठरविणारा; कागदी शेअरची पारख मात्र त्यालाही झाली नाही! युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच बाजार बुडाला. भाऊंची कमाईही त्यात गेली.

त्याच वर्षी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या काळासंबंधीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख भाऊंनी त्यात उजेडात आणला. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या चांगदेवाने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा हा लेख. (भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे बीड, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत, तो वाद निराळा.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारात होणाऱ्या विक्रीतून मठास काय काय द्यावयाचे, याचा तपशील आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वी त्या विद्येस पेठेच्या करातून नेमणूक होती. भाऊंच्या विद्येस तशी कसलीच नेमणूक नव्हती.

रोगी तपासणे आणि पंडितांना प्रवासास धाडणे, दोन्ही त्यानंतरही चालू राहिले. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. अखेरच्या काळात पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. भगवानलाल त्या सुमारास त्यांच्याच कामासाठी उत्तरेकडील, नेपाळपर्यंतच्या दीर्घ प्रवासावर होते. लेखांच्या नकला घेऊन ते मुंबईस परतले, तेव्हा त्या पाहावयास भाऊ नव्हते. नेपाळचे ते लेख १८८० मध्ये ब्यूलर यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले. १८८८ मध्ये भगवानलालही गेले. त्यांच्या पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आल्या. भाऊ दाजींचा पोथीसंग्रह तेथे आधीच होता.