डोरोथी सेअर्स : हेरकथा आणि दान्ते
डोरोथी सेअर्स (१८९३–१९५७) यांचे नाव लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराशी निगडित झाले आहे. बीबीसीने १९७२–७५ मध्ये त्यांच्या पाच कादंबऱ्या दूरचित्रवाणीवर आणल्याने तर ते नाते अधिकच दृढ झाले. ऑक्सफर्डला १९१५ मध्ये प्रथम वर्ग मिळवूनही, स्त्री म्हणून पदवीसाठी त्यांना १९२० पर्यंत तिष्ठावे लागले. १९२४ मध्ये विवाहाबाह्य पुत्र झाला. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर जगापासून लपविली. त्याच्या पोषणाचा भार जाहिरातसंस्थेतील नोकरीने आणि विम्झीने वाहिला. त्या कथांना निव्वळ करमणूक म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. पन्नाशीनंतर मात्र त्यांनी दान्तेच्या महाकाव्याचे, मूळ त्रिपदी यमकबंध राखून, इंग्रजी भाषांतर आरंभिले. पहिले दोन खंड १९४९ व १९५५ मध्ये निघाले. अपुरा राहिलेला ‘स्वर्ग’ बार्बरा रेनल्ड्स यांनी पूर्ण करून १९६२ मध्ये प्रसिद्ध केला.