देशातली सर्वांत मोठी दुर्बीण एकेकाळी पुण्यात होती, ती चालवणारे नायगमवाला कोण होते?

थंडीत भंडाऱ्यातल्या एखाद्या तलावाकाठी उभं राहून मृग नक्षत्र बघा. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली एक धूसर ठिपका दिसेल. तो तेजोमेघ. याच ठिपक्यामुळं १८९१ मध्ये पुण्यातला एक प्रोफेसर लंडनच्या बड्या शास्त्रज्ञाला नडला होता.

कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७, मुंबईतलं पारशी कुटुंब, एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण आणि तिथंच नोकरी. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५ हजार रुपये दिले, सरकारनं तेवढीच भर घातली. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची.

आता मूळ भांडण. तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पसरवला की एक ठळक हिरवी रेघ दिसते. हीच रेघ ग्रहीय तेजोमेघांतही असते. हे मेघ म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यानं बाहेर टाकलेला वायू. नॉर्मन लॉकियर म्हणायचे, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्का आणि ती रेघ मॅग्नेशियमची. तसं असेल तर रेघ एका बाजूनं पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. प्रत्येक वेळी रेघ दोन्ही बाजूंनी रेखीव. वेधशाळा काढताना ज्या लॉकियरांचा सल्ला घेतला, त्यांच्याच विरोधात निकाल गेला आणि तो त्यांनी छापलाही. गुलामीच्या काळात ही हिंमत साधी नव्हती.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर विजयदुर्गला उतरले, नायगमवालांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकला. भंडाऱ्याच्या पश्चिमेला, पुलगावातही इंग्रजांची एक तुकडी होती.

ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सांगितलं. तेव्हा नायगमवाला हयात होते. १९३८ मध्ये ते गेले. १९७६ मध्ये तर आबेल ६३ नावाच्या ग्रहीय तेजोमेघाच्या मध्यभागी एकमेकांभोवती सुमारे ११ तासांत फिरणारे दोन तारे सापडले. असे मेघ घडवण्यात या जोडीचा हात असतो, असं आता मानतात.

पुण्याची वेधशाळा मात्र नायगमवालांबरोबरच संपली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, जागा चालवायला दुसरं कुणी नव्हतं. सामान कोडाईकनालला गेलं. तिथं त्या दुर्बिणीला नाव पडलं, भावनगर टेलिस्कोप.