ली डी फॉरेस्ट: ट्यूब बनवली, पण ती चालते कशी हेच कळलं नाही

तुमच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. तरीही आज काही हौशी लोक काचेच्या जुन्या व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे आजोबांच्या रेडिओतले व्हॉल्व्ह, शोधून त्यांच्या आवाजाची तुलना करत बसतात. हा सगळा प्रकार ज्याच्यामुळे सुरू झाला, तो माणूस म्हणजे ली डी फॉरेस्ट.

त्याचा जन्म १८७३ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाला. वडील पाद्री होते आणि मुलानंही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती. मुलाला मात्र यंत्रांचं वेड. १८९९ मध्ये त्यानं येल विद्यापीठातून पीएचडी मिळवली आणि बिनतारी संदेशांच्या धंद्यात उडी घेतली.

एक छोटीशी तार

१९०४ मध्ये इंग्लंडच्या फ्लेमिंगनं दोन भागांची ट्यूब बनवली होती. त्यात तापलेल्या फिलामेंटकडून प्लेटकडे वीज एकाच दिशेनं वाहायची. १९०६ मध्ये डी फॉरेस्टनं या दोघांच्या मध्ये एक नागमोडी तार बसवली. तिलाच ग्रिड म्हणतात. ग्रिड म्हणजे नळाची चावी समजा. तिच्यावर नुसता हलका सिग्नल आला, तरी मागचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. या ट्यूबचं नाव त्यानं ऑडिऑन ठेवलं. १९०८ मध्ये तिचं पेटंट मिळालं.

पण गंमत बघा, ही ट्यूब नक्की कशामुळे चालते, हेच त्याला नीट कळलं नव्हतं. आत थोडा वायू असायलाच हवा, असं तो मानायचा. खरं तर तोच वायू घात करत होता. व्होल्टेज वाढवलं की ट्यूबमध्ये निळी चमक यायची आणि आवाज फाटायचा. जनरल इलेक्ट्रिकचा लँगम्यूर आणि टेलिफोन कंपनीचा आर्नोल्ड यांनी आतली हवा जवळपास पूर्ण काढून टाकली, तेव्हा कुठे आवाज स्वच्छ झाला. १९१५ मध्ये अशाच ट्यूबच्या मदतीनं न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला फोन लागला.

कोर्टकचेऱ्या

याच सुमारास डी फॉरेस्टवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा खटला चालला. त्याची ट्यूब निरुपयोगी आहे, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. तो सुटला, त्याच्या दोन साथीदारांना मात्र शिक्षा झाली.

दुसरी लढाई कितीतरी लांबली. आर्मस्ट्राँग नावाच्या विद्यार्थ्यानं ऑडिऑनचं खरं काम समजावून सांगितलं आणि तिचं आउटपुट परत इनपुटला देऊन सिग्नल कैक पटींनी वाढवला. हा शोध आपलाच, असं डी फॉरेस्ट म्हणाला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. पण रेडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेनं आर्मस्ट्राँगला दिलेलं पदक परत घ्यायला नकार दिला. निकाल एकाच्या बाजूनं, मान दुसऱ्याला!

डी फॉरेस्टनं सिनेमाच्या फिल्मवरच आवाज नोंदवायची फोनोफिल्म पद्धतही आणली. त्यासाठी १९६० मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं. १९६१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याकडे फारसे पैसे उरले नव्हते.

मग आवाजात फरक का?

ऑडिऑनसारख्या, ग्रिड असलेल्या तीन भागांच्या ट्यूबला ट्रायोड म्हणतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ ची ३००बी ही त्यातली सगळ्यात गाजलेली. साध्या सर्किटमध्ये ट्रायोड मूळ सुरात मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येचा सूर मिसळतो. म्हणजे मधल्या ‘सा’वर वरच्या सप्तकाचा ‘सा’. तो कानाला गोड लागतो. जास्त ग्रिड असलेल्या पेंटोडमध्ये तिप्पट कंपनसंख्येचा सूर, म्हणजे वरचा ‘प’, जास्त मिसळू शकतो. त्यामुळे आवाज थोडा धारदार वाटतो.

म्हणजे लोक ज्याला ‘उबदार’ म्हणतात, तो बराचसा ट्यूबनं केलेला बदल आहे. तुमचा फोन मूळ आवाजाला यापेक्षा जास्त प्रामाणिक असतो. दोन ट्यूबची तुलना कधी केलीत, तर आधी दोन्हींचा आवाज मोजून अगदी सारखा करा. कारण जरासा मोठा आवाजसुद्धा कानाला उगाच चांगला वाटतो. आणि ट्यूब जुनी आहे म्हणून भारी असं समजू नका. आत हवा शिरली असेल, तर डी फॉरेस्टची जुनी अडचण तुमच्याही वाट्याला येईल.