शोल्स यांचा कळफलक

संगणकासमोर प्रथमच बसणाऱ्या मुलाला एका गोष्टीचा अचंबा वाटतो. इंग्रजी वर्णमाला ए, बी, सी या क्रमाने शिकविली जाते. परंतु कळफलकाच्या वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी अक्षरे विखुरलेली आढळतात. ही मांडणी ज्यांच्या हातून घडली, ते ख्रिस्तोफर लॅथम शोल्स हे अमेरिकेतील एक मुद्रक व पत्रकार होते.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यात झाला. लहान वयातच त्यांनी छापखान्यात उमेदवारी केली. पुढे विस्कॉन्सिनमध्ये जाऊन ते वृत्तपत्रे चालवू लागले. तेथील विधिमंडळाचेही ते सभासद होते आणि १८५३ मध्ये त्या राज्यातून फाशीची शिक्षा रद्द करविण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१८६६ च्या सुमारास मिलवॉकी शहरातील एका कर्मशाळेत ते सॅम्युअल सूल या स्नेह्यासह पानांवर क्रमांक छापणारे यंत्र तयार करीत होते. तेथेच नांगराच्या रचनेवर प्रयोग करणाऱ्या कार्लोस ग्लिडन यांनी ते पाहिले. आकडे छापता येतात, तर अक्षरे का छापता येऊ नयेत, अशी शंका त्यांनी काढली. ती शोल्स यांच्या मनात घर करून बसली. आरंभी त्यांनी तारयंत्राच्या कळीपासून डब्ल्यू हे एकच अक्षर उमटविणारे साधन बनविले. २३ जून १८६८ रोजी तिघांना संपूर्ण यंत्राचे पेटंट मिळाले. त्याचा कळफलक पियानोच्या पट्ट्यांसारखा होता.

खरी अडचण पुढेच होती. यंत्रातील प्रत्येक अक्षर एका बारीक धातूच्या दांडीच्या टोकावर बसविलेले असे. या दांड्या वर्तुळाकार मांडलेल्या होत्या. कळ दाबताच दांडी खालून वर उसळे आणि शाईच्या फितीवर आघात करून कागदावर अक्षर उमटवी. हात वेगाने चालू लागला, की शेजारच्या दांड्या एकमेकींत अडकत. शिवाय अक्षरे कागदाच्या खालच्या बाजूस उमटत असल्याने चूक तत्काळ दिसतही नसे. शोल्स यांनी अक्षरांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या. त्यांमागे दांड्यांची अडचण किती आणि तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सूचना किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुना वर्णक्रम मात्र पुरता पुसला गेला नाही. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे अजून क्रमानेच उभी आहेत. त्यांतील ई व आय तेवढे वर गेले आहेत.

जेम्स डेन्समोर या भागीदाराने नवी यंत्रे वॉशिंग्टनमधील लघुलेखक जेम्स क्लेफेन यांच्याकडे परीक्षेसाठी पाठविली. क्लेफेन यांनी ती इतक्या निष्ठुरपणे वापरली, की एकामागून एक यंत्र मोडले. त्यांची कठोर टीका वाचून शोल्स वैतागून गेले. पण डेन्समोरने ती हिताचीच मानली. शोल्स यांनी पुन्हा काम हाती घेतले आणि यंत्र सुधारत गेले.

१८७३ मध्ये बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले. त्याची किंमत १२५ डॉलर होती आणि त्यावर केवळ मोठ्या लिपीतील अक्षरे उमटत. लहान अक्षरांची सोय असलेले यंत्र १८७८ मध्ये निघाले. तोपर्यंत शोल्स यांनी आपला हक्क १२,००० डॉलरला विकला होता. डेन्समोरने प्रत्येक यंत्रामागे मोबदला ठरवून घेतला व तो धनवान झाला. व्यवहारचातुर्य शोल्स यांच्याजवळ नव्हतेच.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी क्षयाने जर्जर होऊन काढली. तरी हातातील काम सुटले नाही. आपली मांडणी त्यांना पूर्ण निर्दोष वाटत नसावी. कारण १८८९ मध्ये त्यांनी अक्षरांचा अगदी निराळा क्रम असलेल्या यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला. १७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकी येथे त्यांचे निधन झाले. त्या नव्या यंत्राचे पेटंट १८९६ मध्ये मंजूर झाले. पण तोवर टंकलेखकांची बोटे जुन्याच कळांवर रुळून गेली होती.