सपाट पडद्याला खोली देणारा माणूस

खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ तुम्ही येता-जाता बघितलाच असेल. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मोबाईल घेऊन त्याच्याभोवती गोल फिरलो, साठेक फोटो काढले आणि एका अ‍ॅपमध्ये टाकले. थोड्या वेळात स्क्रीनवर मानस्तंभाचं थ्रीडी मॉडेल उभं! बोटानं हवं तसं फिरवा. फक्त वरच्या बाजूला मोठं भोक होतं. कारण साधं, वरून आम्ही एकही फोटो काढला नव्हता.

या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. वस्तूवरचा एकच ठिपका दोन-तीन फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसला की सॉफ्टवेअर हिशोब करून त्याची जागा शोधतं. असे लाखो ठिपके जोडले की वस्तू तयार. एकाच जागेवरून शंभर फोटो काढले तर मात्र काही उपयोग नाही. फिरावंच लागतं.

हा मानस्तंभ ज्यांच्या आठवणीत उभा आहे, त्या बाबूराव पेंटर यांना सपाट चित्र आणि भरीव वस्तू यातला फरक शंभर वर्षांपूर्वीच पक्का कळला होता.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापुरातला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. वडिलांच्या हातात कारागिरी होती, तीच पोराच्या हातात आली. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर महाल, खांब, जंगल असं रंगवायचं, की लांबून खरंच वाटावं. लोकांनी आडनावच पेंटर करून टाकलं.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. जुना प्रोजेक्टर घेऊन ते सिनेमे दाखवू लागले. मग स्वतःच कॅमेरा बनवायचं ठरलं. काम अर्धवट असतानाच 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य दामले यांना सोबत घेऊन ते नेटानं पुढं नेलं आणि 1918 पर्यंत कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

खरी गंमत पुढं आहे. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसानं सिनेमात रंगवलेले पडदे बाजूला सारले आणि भरीव सेट उभे केले. रंगवलेल्या खांबामागून नट येऊ शकत नाही, खऱ्या खांबामागून येतो. कॅमेरा जरा सरकवला की पडद्याचं बिंग फुटतं. आजही रंगवलेल्या पडद्याचे पन्नास फोटो अ‍ॅपला द्या, मॉडेल सपाट कापडाचंच येणार. बाबूरावांच्या सेटचे दिले असते, तर खांब उभे राहिले असते.

पण देणार कुठून? 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची लूट दाखवली, त्यात तरुण व्ही. शांताराम होते. ‘सावकारी पाश’ आज बघायला मिळत नाही. त्या काळातल्या बहुतेक फिल्म नष्ट झाल्या आणि सेट तर शूटिंग संपलं की मोडलेच जायचे.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही शिष्यमंडळी बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. पुढं कंपनी बंद पडली आणि बाबूराव पुन्हा चित्रं आणि शिल्पांकडे वळले. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले.

त्यांच्या सेटभोवती कुणी फिरून फोटो काढले नाहीत. तेव्हा एकेक फोटो महाग होता. आपल्या खिशात आज कॅमेरा आहे, तोही फुकटात चालणारा. गल्लीतला जुना वाडा, देवळातला कोरीव खांब, आजोबांच्या कारखान्यातलं मशीन, जे मोडायच्या बेतात आहे त्याच्याभोवती या रविवारी एक चक्कर मारा.

आम्ही पण परत खरी कॉर्नरला जाणार आहोत. समोरच्या घराच्या गच्चीवर सोडतील का, ते विचारायचं आहे.