ॲन सलिव्हन
ॲन सलिव्हन मेसी (१४ एप्रिल, १८६६ – २० ऑक्टोबर, १९३६) या हेलन केलर यांना घरी शिकविणाऱ्या अमेरिकन शिक्षिका होत. मॅसॅच्युसेट्समधील गरीब आयरिश कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच खुपरीमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. आई वारल्यावर त्यांची रवानगी ट्यूक्सबरीच्या सरकारी निराधारगृहात झाली. तेथे धाकटा भाऊ दगावला. १८८० मध्ये बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल होताना त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सहा वर्षांनी त्या वर्गात पहिल्या आल्या.

३ मार्च, १८८७ रोजी त्या अलाबामातील टस्कंबिया येथे केलरांच्या घरी आल्या. साडेसहा वर्षांच्या हेलनला दिसत वा ऐकू येत नव्हते. ५ एप्रिलचा पाण्याच्या पंपाजवळचा प्रसंग सर्वश्रुत आहे. ॲन यांची खरी कामगिरी मात्र त्यानंतरची. ठरावीक वेळेचे धडे त्यांनी सोडून दिले. आई तान्ह्या मुलाशी बोलते तशी पूर्ण वाक्ये, ती कळोत न कळोत, त्या बोटांच्या खुणांनी हेलनच्या तळहातावर उमटवीत. शाळा भरे ती बहुधा बागेत नाही तर नदीकाठी.

१९०४ मध्ये हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. तेथील व्याख्याने व ग्रंथ त्यांच्या हातावर उतरविताना ॲन यांच्या मुळातच अधू डोळ्यांवर फार ताण पडला. अखेरीस त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथे त्यांचे निधन झाले.