गणिताच्या प्राध्यापकाचा उरलेला हिशेब

रघुनाथ धोंडो कर्वे म्हटलं की लोकांना 'समाजस्वास्थ्य' आणि त्यावरचे खटले आठवतात. माझा जन्म बँकेत आकडेमोडीत गेला. मला आठवतो तो गणिताचा प्राध्यापक.

१८८२ साली जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे मॅट्रिकला पहिले आले, पॅरिसला जाऊन गणित शिकले आणि १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र ठाम उभ्या राहिल्या. १९२७ साली मासिक सुरू झालं. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील होते, तरी दंड झालाच. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवलं.

त्यांच्या काळात गर्भपात हा गुन्हा होता. नको असलेलं पोट बाई चोरून पाडून घेई, वाचली तर काही महिन्यांत पुन्हा तीच पाळी येई. कर्व्यांपाशी साधनं होती, पण ती दर वेळी आठवणीनं वापरायची. घरात एकांत नाही, नवरा ऐकत नाही, अशा बाईला ती कितीशी पुरणार?

हा हिशेब पुढे सुटत गेला. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनं साधन फसल्याच्या कारणासाठी विवाहाची अट काढली. गर्भपातानंतर पाळी येण्याआधीच, दोन आठवड्यांच्या आतही, पुन्हा दिवस राहू शकतात, हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं. म्हणून पिशवी साफ केली त्याच वेळी तांबी बसवता येते. जंतुसंसर्ग असेल तर मात्र थांबावं लागतं. गोळ्यांनी गर्भपात झाला असेल तर पिशवी रिकामी झाल्याची खात्री करून बसवतात. तांबीचा एक प्रकार दहा वर्षं चालतो. दंडात कातडीखाली बसवायची कांडी काही वर्षं काम करते, इंजेक्शन तीन महिने. तांबी किंवा कांडी काढली की पुन्हा मूल होऊ शकतं. इंजेक्शननंतर थोडे महिने जास्त लागतात.

पण सोय आहे म्हणून ती गळ्यात मारायची नसते. तांबी बसवून घ्याल तरच गर्भपात करू, अशी अट घालणं गैर आहे. वेदनेच्या त्या दिवशी बाईला नीट सांगावं, विचारावं, आणि ती नको म्हणाली तर ते मान्य करावं. उद्या तिला काढून हवी असेल तर तीही बिनतक्रार काढून द्यावी.

बँकेत मी बायकांच्या नावाची पुष्कळ खाती पाहिली. व्यवहार नवरे करत. कर्व्यांचा सगळा आग्रह एवढाच होता, की या खात्यावर सही खातेदाराचीच चालावी.